चामड्यापासून जाळीपर्यंत : तालवाद्यांच्या आच्छादनाच्या निवडीचा इतिहास
(वऱ्हाडाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

संगीताच्या इतिहासलेखनात कलावंत, घराणी, राग आणि ताल यांना जेवढे स्थान मिळाले तेवढे वाद्यांच्या घडणीला मिळालेले नाही. त्यातही तालवाद्याच्या तोंडावर मढविलेले आच्छादन हा घटक बहुधा दुर्लक्षितच राहिला आहे. वास्तविक पाहता तालवाद्याचा हा सर्वाधिक झिजणारा आणि म्हणूनच सर्वाधिक वेळा बदलावा लागणारा भाग होय. तबल्याचे खोड अनेक वर्षे टिकते. पुडी मात्र पुन:पुन्हा बदलावी लागते. त्यामुळे कोणते आच्छादन निवडावे हा प्रश्न प्रत्येक वादकापुढे आयुष्यात अनेकदा उभा राहतो आणि त्याचे उत्तर हवामान, कारागिराची उपलब्धता, कायदा, शेजार आणि सामाजिक रूढी या सर्वांवर अवलंबून असते.

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैन भट्टारकपीठांचे जुने केंद्र म्हणून प्रसिद्ध आहे. अशा तालुक्याच्या गावी भजनातील तबला व खंजेरी, लग्नातील डफडे, मिरवणुकीतील ढोल-ताशा आणि वाद्यवृंदातील ऑक्टोपॅड किंवा इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच ही सर्व वाद्ये एकाच काळात ऐकावयास मिळतात. दोन हजार वर्षांच्या अंतराने जन्मलेली तंत्रे येथे शेजारी-शेजारी नांदतात. इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचासाठी 'मेश हेड' म्हणजे जाळीचे आच्छादन निवडताना आज जे निकष लावले जातात, त्यांची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शास्त्रग्रंथांतील चामड्याची पारख

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, घन आणि अवनद्ध असे चार वर्ग केलेले आहेत. 'अवनद्ध' म्हणजे चामड्याने मढविलेले वाद्य. या वाद्यांच्या उत्पत्तीची एक कथा नाट्यशास्त्रात येते. स्वाती ऋषींनी सरोवरातील लहान, मध्यम व मोठ्या कमलपत्रांवर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांचे निरनिराळे ध्वनी ऐकले आणि त्यावरून पुष्करवाद्ये निर्माण केली, असा तिचा आशय आहे. पृष्ठभागाचा आकार बदलला की नाद बदलतो, हे निरीक्षण या कथेच्या मुळाशी आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चामडे कसे निवडावे याचे स्पष्ट निकष नाट्यशास्त्रात दिलेले आहेत. जीर्ण, फाटलेले, कावळ्यांनी टोचलेले, चरबी राहिलेले, धुराने किंवा अग्नीने दूषित झालेले चामडे वर्ज्य मानले आहे. मृदंगाचा स्वर जुळविण्यासाठी नदीकाठच्या मातीचा लेप देण्याचा विधीही तेथे येतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्याच्या वाद्याध्यायात पटह, मर्दल, हुडुक्का इत्यादी अवनद्ध वाद्यांचे तपशीलवार वर्णन आहे. आजच्या महाराष्ट्राच्या भूमीत लिहिला गेलेला हा ग्रंथ वाद्यघडणीच्या अभ्यासासाठी आधारभूत ठरतो.

या दोन्ही ग्रंथांतून आच्छादनाच्या निवडीचे शास्त्र प्राचीन काळीच विकसित झाल्याचे दिसून येते. मात्र चामडे कोणी सोलले, कमावले आणि ताणून मढविले, त्या हातांविषयी ही परंपरा फारसे बोलत नाही. चामड्याचे दोष नोंदविले गेले. ते दोष ओळखणारा कारागीर नोंदीबाहेर राहिला.

वऱ्हाडातील चर्मवाद्ये आणि जातिव्यवस्था

वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि पावसाळ्यात हवेत मोठ्या प्रमाणावर ओलावा येतो. चामडे कोरड्या हवेत आखडते व त्याचा स्वर चढतो. दमट हवेत ते सैल पडून स्वर उतरतो. डफडे किंवा हलगी वाजविण्यापूर्वी पालापाचोळ्याच्या जाळावर शेकण्याची पद्धत याच कारणाने रूढ झाली. तबल्याचे गट्टे ठोकून स्वर मिळविण्याचा खटाटोपही चामड्याच्या याच स्वभावामुळे करावा लागतो.

विदर्भातील खंजेरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे (१९०९-१९६८) एक वेगळी प्रतिष्ठा लाभली. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या महाराजांनी १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली आणि खंजेरीच्या साथीवर भजने गाऊन ग्रामसुधारणेचा विचार खेडोपाडी पोहोचविला. गुरुदेव सेवा मंडळांच्या माध्यमातून हे लहानसे चर्मवाद्य सर्व जातींच्या हाती आले, ही सामाजिक दृष्ट्या लक्षणीय घटना होय.

कारण त्यापूर्वीची वस्तुस्थिती निराळी होती. मेलेली जनावरे ओढणे, चामडे कमावणे, दवंडी देणे आणि डफडे वाजविणे ही कामे गावगाड्यात अस्पृश्य मानलेल्या जातींवर लादलेली होती. देवळातील मृदंग पवित्र मानला जाई. परंतु त्याचे चामडे तयार करणाऱ्याला देवळात प्रवेश नसे. १९२७ च्या महाड परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढणे व त्यांचे मांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले. त्यानंतर अनेक कुटुंबांनी ही कामे आणि त्यांच्यासोबत गावकीचे वाद्यवादनही जाणीवपूर्वक सोडले. पारंपरिक कलेचा ऱ्हास म्हणून या घटनेकडे पाहणे एकांगी ठरेल. हा माणुसकीच्या हक्कासाठी दिलेला नकार होता. दक्षिणेतील मृदंग बनविणाऱ्या कारागिरांचा आणि जातीचा हाच संबंध टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेबॅस्टियन अँड सन्स' या ग्रंथात सविस्तर मांडला आहे. महाराष्ट्रातील पुडी बनविणाऱ्या कारागिरांविषयी अशा तोडीचे लेखन व्हावयास हवे.

चामड्याकडून प्लॅस्टिककडे

पाश्चात्त्य ड्रमवरही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रामुख्याने वासराचे चामडे मढविले जात असे. १९५० च्या दशकात पॉलिएस्टरची पातळ फिल्म बाजारात आली. अमेरिकेतील चिक इव्हान्स यांनी १९५६ मध्ये आणि रेमो बेली यांनी १९५७ मध्ये या फिल्मपासून बनविलेली आच्छादने विक्रीस आणली. बेली यांनी आपल्या उत्पादनाला 'वेदर किंग' असे नाव दिले. या नावातच त्यामागील प्रेरणा स्पष्ट होते. हवामानापासून सुटका हा प्लॅस्टिकचा पहिला गुण मानला गेला. नादाचा विचार त्यानंतर आला.

महाराष्ट्रात हा बदल ढोल-ताशाच्या मार्गाने पोहोचला. भाद्रपदातील पावसात चामड्याचे पान भिजून निकामी होत असल्याने ढोलावर फायबरचे आणि ताशावर प्लॅस्टिकचे पान चढले. नाद अधिक तीव्र व चिरका झाला. पण मिरवणूक पावसात थांबेनाशी झाली. कायद्यानेही काही प्रमाणात या बदलाला हातभार लावला. दक्षिणेतील कंजिरा आणि काही ठिकाणी खंजेरीही घोरपडीच्या कातड्याने मढविली जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिल्यानंतर त्या वाद्यांसाठी बकऱ्याचे कातडे किंवा कृत्रिम आच्छादन हेच पर्याय उरले.

जाळीचे आच्छादन : रचना आणि कार्य

इलेक्ट्रॉनिक तालवाद्यात आघातापासून विद्युत्‌संकेत निर्माण केला जातो. काही स्फटिकांवर दाब दिल्यास विद्युत्‌भार निर्माण होतो, हा शोध पिएर व जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला होता. त्याच तत्त्वावरील संवेदक आच्छादनाखाली बसविलेला असतो. आघाताचा जोर त्याच्याकडून यंत्राकडे जातो आणि यंत्र साठविलेला ध्वनी त्या प्रमाणात वाजविते.

१९८१ मधील सिमन्स कंपनीच्या षट्‌कोनी ड्रमसंचाचे पृष्ठभाग कठीण प्लॅस्टिकचे होते. त्यावर दीर्घकाळ वाजविणाऱ्या वादकांची मनगटे दुखू लागल्याच्या तक्रारी आल्या. १९८५ मध्ये रोलँड या जपानी कंपनीचा रबरी पृष्ठभागाचा ऑक्टोपॅड आला. महाराष्ट्रातील वाद्यवृंदांनी तो झपाट्याने स्वीकारला, कारण अनेक तालवाद्यांचे ध्वनी एका छोट्या पेटीत मावत होते. तथापि रबरावरून काठी चामड्यासारखी उसळत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी रोलँडने रेमो कंपनीच्या सहकार्याने विणलेल्या जाळीचे आच्छादन विकसित केले आणि १९९७ मध्ये टीडी-१० या संचासोबत ते बाजारात आणले.

जाळीची युक्ती साधी आहे. अखंड आच्छादन हलले की ते समोरची हवा ढकलते आणि त्यातून ध्वनी निर्माण होतो. जाळीला छिद्रे असल्याने हवा आरपार निघून जाते. काठीला उसळी मिळते, पण आवाज अत्यल्प होतो. अवनद्ध वाद्यांच्या दीर्घ इतिहासातील हा मूलगामी बदल म्हटला पाहिजे. नाद देणे हे आच्छादनाचे आद्य कर्तव्य होते. आता शांत राहणे हे त्याचे कर्तव्य ठरले.

निवडीचे निकष

जाळीचे आच्छादन निवडताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

१) माप : पॅडचा व्यास मोजूनच आच्छादन घ्यावे लागते. ८, १०, १२ आणि १४ इंच ही मापे प्रचलित आहेत.

२) पदर : एकपदरी जाळी अधिक उसळते, परंतु लवकर झिजते. दोनपदरी व तीनपदरी जाळी अधिक टिकते; तीनपदरी जाळीवर काठीची उसळी मर्यादित राहून खऱ्या ड्रमशी जवळीक साधते.

३) संवेदकाची जागा : संवेदक मध्यभागी फोमच्या शंकूवर असेल तर त्या शंकूचा जाळीला नीट स्पर्श होणे आवश्यक असते. जाळी फार सैल असल्यास एका आघाताचे दोन ध्वनी उमटण्याचा दोष संभवतो. म्हणून चारी बाजूंचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, थोडे-थोडे आवळून ताण सर्वत्र सारखा ठेवावा लागतो.

४) शेजार : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. दाट वस्तीच्या गावात एकमेकांना लागून असलेल्या घरांत खऱ्या ड्रमवर रियाझ करणे यामुळे अवघड होते. जाळीमुळे ते शक्य होते. मात्र पायाने वाजविल्या जाणाऱ्या ड्रमचा आघात जमिनीतून खालच्या मजल्यावर पोहोचतोच. त्यासाठी खाली जाड गादी किंवा रबरी थर लागतो.

५) हवामान : पॉलिएस्टर ओलावा फारसा शोषत नाही. त्यामुळे वऱ्हाडातील पावसाळा जाळीला चामड्याइतका बाधत नाही.

नाट्यशास्त्रातील निकष आणि हे निकष शेजारी ठेवल्यास दोन्हींत पृष्ठभागाची निर्दोषता आणि ताण यांचा विचार समान असल्याचे दिसते. परंतु नादाची पारख, जी भरताच्या विवेचनाचे अंतिम प्रयोजन होती, ती येथे आच्छादनाकडून यंत्राकडे गेली आहे.

तबल्यापाशी आलेली मर्यादा

हे तंत्र तबल्याला का लागू पडत नाही, याचे उत्तर सी. व्ही. रामन यांच्या संशोधनात सापडते. शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आणि पुढे १९३४ मध्ये स्वतंत्र प्रबंधात रामन यांनी दाखवून दिले की, साध्या पडद्याची कंपने परस्परांशी सुसंवादी नसतात. मृदंग-तबल्याच्या पुडीवरील शाईच्या वजनामुळे मात्र ती सुसंवादी बनतात आणि त्यातून निश्चित स्वर मिळतो. अर्थात तबल्याचा स्वर पुडीतच घडतो. चाट, लव आणि शाई यांवरील बोटांचे भेद, तसेच डग्ग्यावर तळहात दाबून काढलेली मींड या बाबी छिद्रयुक्त जाळीवर उमटत नाहीत. २००० मध्ये आलेल्या रोलँडच्या 'हँडसॉनिक' या हाताने वाजवावयाच्या वाद्यातही जाळीचा नव्हे, तर दाबाची नोंद घेणाऱ्या पॅडचा वापर केला गेला, ही बाब सूचक आहे.

निष्कर्ष

१) आच्छादनाची निवड ही केवळ तांत्रिक बाब नसून ती हवामान, कायदा, वस्तीची रचना आणि जातिव्यवस्था यांनी घडविलेली सामाजिक कृती आहे.

२) प्लॅस्टिकने वादकाला हवामानापासून आणि जाळीने शेजाऱ्याला आवाजापासून मोकळे केले. लहान गावातील तरुण वादकाच्या रियाझासाठी जाळीचे आच्छादन निश्चितच उपयुक्त आहे. खंजेरी, डफडे किंवा तबला यांचा पर्याय म्हणून त्याकडे पाहता येत नाही.

३) इव्हान्स आणि बेली यांची नावे त्यांनी बनविलेल्या आच्छादनांवरच छापलेली असतात. शाईचा एकेक थर घोटून पुडीला स्वर देणारा कारागीर मात्र बहुधा अनामच राहिला. त्याच्या ज्ञानावर जातीचा कलंक लादला गेल्याने ते ज्ञान म्हणून नोंदविण्याची गरज कोणाला वाटली नाही.

४) ज्यांनी हे काम सोडले त्यांच्याकडून ते पुन्हा करण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. त्यांच्याकडील व आजही हे काम करणाऱ्यांकडील चामड्याची पारख, शाईची घोटाई आणि वादीचा ताण यांविषयीचे ज्ञान त्यांच्या नावानिशी आणि संमतीने लिहून ठेवणे हे मात्र स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास, संगीत आणि भौतिकशास्त्र विभागांना एकत्रितपणे करता येण्यासारखे काम आहे. पुडी बदलण्याची वेळ प्रत्येक वादकावर येते. त्या वेळी ती बांधणाऱ्याचे नाव विचारून लिहून घेतले, तरी या कामाची सुरुवात होईल.