कुजवलेले मत : भंडारा, 1954

मराठीच्या राजकीय व्यवहारात ‘मत कुजवणे’ असा एक शब्दप्रयोग रूढ झाला. मत न देणे, मत बाद होणे आणि मत कुजवणे या तीन भिन्न क्रिया आहेत, हे आपण सहसा विसरतो. पहिलीत मतदार घरी राहतो. दुसरीत त्याच्या हातून चूक घडते. तिसरीत तो उन्हात रांगेत उभा राहतो, पत्रिका हाती घेतो आणि ती कुणाच्याही कामी येऊ नये अशी व्यवस्था करतो. मतदारांच्या उदासीनतेवर जे लिहिले जाते त्यात या तिसऱ्या मतदाराला जागाच नसते.

त्याचा जन्म द्विसदस्य मतदारसंघात झाला. पुणे कराराने (1932) संयुक्त मतदारसंघ आले. 1952च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काही ठिकाणी एकाच मतदारसंघातून एक सर्वसाधारण व एक राखीव असे दोन खासदार निवडायचे होते. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. उत्तर मुंबईत बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून 14,561 मतांनी पराभूत झाले. तेथे मते मोठ्या प्रमाणावर कुजवली गेली, असा आरोप पुढे बाबासाहेब व समाजवादी उमेदवार अशोक मेहता यांनी केला आणि त्याचा रोख कॉम्रेड डांगे यांच्या प्रचारावर होता.

दोनच वर्षांनी, मे 1954 मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच होता. धानाचा, तलावांचा, विडी कामगारांचा हा मुलूख. राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे होते आणि सर्वसाधारण जागेसाठी, प्रजा समाजवादी पक्षातर्फे, पुन्हा अशोक मेहता. आंबेडकरी परंपरेत एक आठवण सांगितली जाते : कार्यकर्त्यांनी सुचविले की आपल्या माणसांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले.

या सूचनेमागचे गणित समजून घेतल्याशिवाय नकाराचे मोल कळत नाही. दुसरे मत मेहतांना दिल्याने राखीव जागेवरील काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांचे एक मतही वाढत नव्हते. मग ते कुजवायचे कशाला? मेख मतमोजणीच्या नियमात आहे. राखीव जागा आधी त्या वर्गातील सर्वाधिक मते मिळविणाऱ्याला द्यायची आणि उरलेली जागा शिल्लक उमेदवारांत जो पुढे असेल त्याला, मग त्याची जात कोणतीही असो. म्हणजे राखीव जागा बोरकरांना गेली तरी, मेहता मागे राहते तर, बाबासाहेब सर्वसाधारण जागेवर निवडून येऊ शकले असते. कार्यकर्ते भोळे नव्हते. त्यांना कायदा चांगला कळत होता. मात्र ती वाट मित्रपक्षाच्या उमेदवाराला खाली ओढून जात होती.

निकाल लागला तेव्हा मेहता निवडून आले, बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी हरले. फेडरेशनच्या मतदाराने शब्द पाळून दुसरे मत मेहतांना दिले, समाजवाद्यांच्या सवर्ण मतदाराने मात्र परतफेड केली नाही, असे या पराभवाचे एक वाचन आहे. आम्हांला ते पटण्याजोगे वाटते. गुप्त मतदानात कोणाचे मत कोठे गेले हे सिद्ध करता येत नाही, आणि नेमकी हीच सोय परतफेड न करणाऱ्याच्या कामी येते. 1928 साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागणाऱ्या माणसाने मत कुजवायला सांगावे, ही कल्पनाच आम्हांला विसंगत वाटते. तरीही ज्यांनी ती सूचना केली त्यांना आम्ही दोष देणार नाही. त्यांच्यापाशी मुंबईचा अनुभव होता.

त्यांचे गणित खरे होते याचा दाखला पुढे दूर आंध्रात मिळाला. 1957 मध्ये पार्वतीपुरमच्या द्विसदस्य मतदारसंघात दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांकडे गेल्या आणि व्ही. व्ही. गिरी पडले, 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. 1961 मध्ये संसदेने द्विसदस्य मतदारसंघच रद्द केले. राखीव उमेदवार सर्वसाधारण जागेवर येऊ लागताच ही तत्परता सुचावी, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

दुसरे मत गेले, तशी ते कुजवण्याची सोयही गेली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ‘नोटा’चे बटण आले. ते मत मोजले जाते, जाहीरही होते. निकालावर मात्र त्याचा परिणाम होत नाही. भंडाऱ्यातील 1954च्या त्या सूचनेत परिणाम हाच सगळा हेतू होता.