वादळात झाड पडलं, पाखरांचं काय? परसातल्या पक्ष्यांसाठी एवढं करा

महाड : ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आपल्या जिल्ह्यात घरांचे पत्रे, कौलं उडाली, आंबा-फणस मुळासकट पडले. पंचनाम्यात घर, गोठा, बागायत लागते; झाडावरची घरटी कुठल्याच कागदावर येत नाहीत. जूनची सुरुवात म्हणजे कावळा, बुलबुल, दयाळ यांचा विणीचा काळ. झाडाबरोबर अंडी-पिल्लंही जातात.

आमच्या परसातला फणस त्याच दिवशी गेला. शेजारचा जुना आंबा अर्ध्यात मोडला, नुसता बुंधा राहिला. चार दिवसांनी जळणासाठी कुऱ्हाड घेऊन गेलो, तर ढोलीतून पिंगळा डोळे वटारून बघत होता. बुंधा तसाच ठेवला.

मोडका बुंधा का ठेवायचा?

पोपट, साळुंकी, तांबट, पिंगळा, धनेश ही सगळी ढोलीत अंडी घालतात. ढोली व्हायला झाडाला कित्येक वर्षं लागतात, नवीन रोप लावून ती लगेच मिळत नाही. पिंगळा आणि गव्हाणी घुबड उंदीर मारतात, म्हणजे भाताची राखणच करतात. बुंधा घरावर, रस्त्यावर किंवा विजेच्या तारेवर पडण्याचा धोका नसेल तर राहू द्या. तोडावाच लागला तर आधी ढोली बघा.

पिल्लू खाली सापडलं तर

पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू उचलून घरी नेऊ नका. आईबाप जवळच असतात, भरवतात. कुत्रा-मांजर असेल तर उंच फांदीवर ठेवा. बिनपिसाचं असेल तर घरट्यात परत ठेवा. घरटं मोडलं असेल तर लहान टोपलीत सुकं गवत घालून त्याच झाडाला किंवा शेजारच्या झाडाला बांधा, लांबून लक्ष ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा गैरसमज आहे.

जखमी पक्षी सापडला तर

भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. दूध, भात भरवू नका. वादळात समुद्रावरचे पक्षीही वाट चुकून आतल्या गावांत येऊन पडतात. त्यांना हवेत उडवून बघू नका. वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर कळवा. पोपटाचं पिल्लू पाळायला ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

पुढच्या पावसासाठी

बांधावर उंबर, जांभूळ लावा. पांगाऱ्याची जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की रुजते. फुलं आली की मैना, बुलबुल, शिंजीर येतात.

आमच्या बुंध्याला आता बाजूने नवीन फूट आली आहे. ढोली मात्र तशीच आहे, आणि संध्याकाळी तिथे आवाज असतो.