अंथरूण आणि पाठदुखी
निजताना शरीराला आधार देणारी गादी, तिच्याखालील खाट वा फळी आणि पाठीच्या व सांध्यांच्या जुनाट वेदना यांचा परस्परसंबंध निरनिराळ्या काळी निरनिराळ्या प्रकारे मानला गेला. ‘दुखणाऱ्या पाठीस कठीण अंथरूण हितकर’ हे मत विसाव्या शतकात जवळजवळ नियमासारखे रूढ होते. त्याची मोठ्या प्रमाणावर पद्धतशीर परीक्षा मात्र एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाली.

पूर्वेतिहास : दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू येथील शैलाश्रयात सु. ७७,००० वर्षांपूर्वीच्या गवती अंथरुणांचे थर आढळले असून त्यांवर कीटकांना दूर ठेवणारी पाने पसरलेली होती. आरंभीच्या अंथरुणाचा हेतू ओल, थंडी व कीटक यांपासून बचाव हा असावा, असे यावरून दिसते. गादीसाठी यूरोपीय भाषांत रूढ असलेले शब्द ‘खाली टाकणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून आले आहेत. यूरोपात पेंढा, लोकर किंवा पिसे भरलेल्या गाद्या दोरांनी विणलेल्या पलंगावर घालीत. दोर सैल पडले की पलंगाला मध्यभागी झोळ येई व निजणाऱ्याची कंबर खाली जाई.

भारतात कापूस, सावरीचा कापूस व काथ्या यांच्या गाद्या आणि सुंभाने वा नवारीने विणलेली बाज प्रचारात होती. बाजेचे विणकाम वेळोवेळी ताणावे लागे. वापराने गादीतील कापूस दबून त्याचे गोळे होत. पिंजारी तो धनुकलीने पिंजून पुन्हा भरी आणि गादी पूर्ववत फुगे. त्यामुळे एकाच गादीचा मऊपणा तिच्या वयाप्रमाणे बदलत असे. पाठदुखीवर ‘बाज सोडा, जमिनीवर किंवा फळीवर निजा’ असे सांगितले जाई, त्यात झोळ टाळण्याचा व्यवहारी शहाणपणा होता.

विश्रांतीचे तत्त्व : एकोणिसाव्या शतकात या सल्ल्याला वैद्यकीय सिद्धांताची जोड मिळाली. इंग्रज शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विश्रांतीला रोगनिवारक मानले. लिव्हरपूल येथील ह्यू ओएन टॉमस (१८३४–९१) यांनी सांध्यांच्या क्षयावर सक्तीची, अखंड व दीर्घ विश्रांती पुरस्कारिली. हे तत्त्व पुढे सामान्य पाठदुखीलाही लावले गेले. १९३४ मध्ये मिक्स्टर व बार या अमेरिकन वैद्यांनी मणक्यांमधील चकती सरकल्याने होणाऱ्या वेदनेचे स्वरूप दाखविले. त्यानंतर गादीखाली फळी घालून आठवडेच्या आठवडे पडून राहणे हा नेहमीचा उपचार ठरला. झोळ टाळण्याची युक्ती अशा रीतीने कठीणपणाच्या नियमात रूपांतरित झाली.

कठीण पृष्ठभागाचा दोषही अज्ञात नव्हता. स्कॉटिश वैद्य नील आरनॉट यांनी शय्याव्रण टाळण्यासाठी १८३२ मध्ये पाण्याने भरलेली शय्या तयार केली होती. शरीराचा भार मोजक्या उंचवट्यांवर न पडता सर्वत्र विभागला जावा, हे तिचे तत्त्व होते. पुढे स्प्रिंगांच्या गाद्या, १९२९ नंतर रबराचा फेस, १९५० नंतर पॉलियुरेथेनचा फेस आणि १९६६ मध्ये अमेरिकेच्या अवकाश संशोधनातून निर्माण झालेला, दाबाने हळूहळू आकार घेणारा फेस यांमुळे निवडीस वाव मिळाला.

परीक्षा : १९८६ मध्ये अमेरिकेत डेयो व सहकाऱ्यांनी दोन दिवसांची व सात दिवसांची विश्रांती यांची तुलना केली. दोन दिवसांची विश्रांती तितकीच गुणकारी ठरली व रुग्ण कामावर लवकर परतले. १९९५ मध्ये फिनलंडमधील चाचणीत सोसेल तितके नित्याचे व्यवहार चालू ठेवणे विश्रांतीहून श्रेयस्कर ठरले. तरीही १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतील सु. तीन-चतुर्थांश अस्थिशल्यचिकित्सक कठीण गादीच सुचवीत असल्याचे आढळले.

२००३ मध्ये कोव्हाक्स व सहकाऱ्यांनी स्पेनमधील जुनाट पाठदुखीच्या ३१३ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. १ (अतिकठीण) ते १० (अतिमऊ) या मापावर २·३ अंकाची कठीण व ५·६ अंकाची मध्यम गादी त्यांना देण्यात आली. कोणास कोणती गादी मिळाली हे रुग्णांस वा परीक्षकांस ठाऊक नव्हते. ९० दिवसांनंतर मध्यम गादीवरील रुग्णांच्या वेदना व असमर्थता अधिक कमी झाल्याचे आढळले. २००८ मधील डॅनिश चाचणीत जलशय्या व आकार घेणारा फेस हे कठीण गादीपेक्षा सरस ठरले; परंतु फरक अल्प होता.

निवड : कुशीवर निजणाऱ्याचा खांदा व नितंब गादीत थोडे रुतावेत, पण कंबर लोंबू नये. त्यामुळे शरीराचे वजन व निजण्याची सवय यांनुसार योग्य गादी बदलते. संधिशोथात अतिकठीण गादीने खांदे व नितंब दुखतात, तर अतिमऊ गादीवर कूस बदलणे कष्टाचे होते. गुडघे दुखणाऱ्यास जमिनीवरून उठणे अवघड जाते. त्याला योग्य उंचीची खाट सोयीची असते. ‘ऑर्थोपेडिक’ या व्यापारी विशेषणावरून मात्र विशिष्ट परीक्षित गुण सिद्ध होत नाही. विश्रांतीने न थांबणाऱ्या, रात्री जाग आणणाऱ्या किंवा ताप, वजन घटणे व पायांतील दुर्बलता यांसह येणाऱ्या पाठदुखीचे कारण गादीत न शोधता वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते.