इनटेक, टर्बो मोटारीचा : कंपनीचा आणि बाहेरचा

इंजिनाला हवा पुरवणारी वाट म्हणजे इनटेक. टर्बो मोटारीत ही वाट बरीच वळणे घेते. समोरच्या जाळीमागे किंवा फेंडरच्या आत उघडणारे तोंड, तिथून फिल्टरची प्लास्टिकची डबी, डबीत घडीदार कागदाचा फिल्टर, काही गाड्यांत लगेच पुढे हवा मोजणारा सेन्सर, मग रबरी किंवा प्लास्टिकची नळी आणि नळीच्या टोकाला टर्बोचा कॉम्प्रेसर. त्यापुढचा इंटरकूलर, थ्रॉटल आणि मॅनिफोल्डही हवेच्याच वाटेवर आहेत. पण ‘इनटेक बदलून घेतला’ असे कोणी म्हणतो तेव्हा त्याला कॉम्प्रेसरच्या अलीकडचा भाग अभिप्रेत असतो, आणि या नोंदीतही शब्दाचा तोच अर्थ घेतला आहे. बाजारात मिळणाऱ्या बाहेरच्या इनटेकमध्ये मूळ डबीत बसणारा, धुऊन पुन्हा वापरायचा सुती जाळीचा फिल्टर येतो; डबी काढून नळीच्या तोंडावर उघडा बसवायचा कोन फिल्टर येतो; फिल्टर बंपरमागे खाली नेणारी ‘कोल्ड एअर’ रचना येते; आणि मोठी बंद डबी, रुंद नळी असा पूर्ण संचही येतो. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असला तरी आश्वासन सगळ्यांचे एकच : हवा मोकळी मिळाली की ताकद वाढेल. टर्बो गाडीच्या बाबतीत हे आश्वासन ज्या समजुतीवर उभे आहे ती समजूत दुसऱ्याच जातीच्या इंजिनातून आली आहे.

ते इंजिन म्हणजे टर्बो नसलेले. त्यात सिलिंडरमध्ये हवा ढकलणारा एकच घटक असतो, बाहेरचे वातावरण. समुद्रसपाटीला त्याचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल. फिल्टर आणि नळीत त्यातले ३ किलोपास्कल खर्च झाले तर जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी हवा कमी भरते, आणि ही तूट भरून काढायला दुसरे कोणी नसते. कार्ब्युरेटरच्या काळापासून चालत आलेला ‘फिल्टर मोकळा, गाडी मोकळी’ हा हिशेब तिथे खरा होता. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले तिने हा हिशेबच बदलला. एक्झॉस्टच्या झोताने टर्बाइन फिरते, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून सिलिंडरकडे पाठवतो. १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या गाड्यांतून टर्बो सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचला. आता हवा किती भरायची हे वातावरण ठरवत नाही. कॉम्प्रेसर ठरवतो, आणि आजच्या गाड्यांत कॉम्प्रेसरला हुकूम देणारा संगणक (ईसीयू) ठरवतो.

हा फरक आकड्यांत पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. १५० अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना सेकंदाला साधारण ०.११ किलो, म्हणजे ३० अंश तापमानाला शंभराच्या आसपास लिटर हवा ओढते. पाण्याचे पाच जार एका सेकंदात रिकामे व्हावेत तसे. ६५ मिलिमीटरच्या नळीतून एवढी हवा ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेगाने धावते. समजा, मूळ इनटेकमध्ये यामुळे ४ किलोपास्कल दाब खर्च होतो आणि बाहेरच्या इनटेकमध्ये २. कॉम्प्रेसरने हवा २१० किलोपास्कलला द्यावी असा ईसीयूचा हुकूम असेल, तर पहिल्या वेळी दाब २.१६ पट करावा लागेल आणि दुसऱ्या वेळी २.१२ पट. वेस्टगेट किंचित जास्त मिटवून टर्बाइनला थोडा जास्त झोत दिला की काम झाले. सिलिंडरला हवेचा दाब दोन्ही वेळा सारखाच मिळतो. उरतो तो तापमानाचा फरक. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७२ टक्के धरली तर जास्त मेहनतीमुळे हवा सुमारे ३ अंश अधिक तापते, आणि ७० टक्के उष्णता काढून घेणाऱ्या इंटरकूलरमधून बाहेर पडेपर्यंत त्यातला जेमतेम १ अंश शिल्लक राहतो. इनटेकच्या नळीतला अडथळा निम्मा करून, कंपनीच्या सेटिंगवर चालणाऱ्या गाडीत, हाती लागते ते एवढेच.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा : इनटेक बदलला की गाडी चटकन उचलते, हे चालवणाऱ्याला जाणवते. जाणवते हे खरे, पण काय जाणवते ते पाहायला हवे. टर्बो लॅग, म्हणजे पाय दाबल्यापासून टर्बोचा जोर येईपर्यंतचा उशीर, कमी झाला असे म्हणावे, तर लॅग जाणवतो कमी फेऱ्यांवर, आणि नळीतला दाबाचा खर्च हवेच्या वेगाच्या वर्गानुसार बदलतो. प्रवाह एक तृतीयांश असेल तर अडथळा एक नवमांशच उरतो. ज्या क्षणी मदत हवी त्याच क्षणी मोकळ्या नळीकडे देण्यासारखे जवळपास काही नसते. बदल मात्र कानाला लगेच कळतो. कंपनीची डबी आणि तिला जोडलेले रेझोनेटर यांचे एक मोठे काम आवाज गिळण्याचे असते; डबी काढली की कॉम्प्रेसरचा फुत्कार आणि पाय उचलताच सुटणारा ‘फुस्स’ थेट ऐकू येतो. या आवाजाची आवड असण्यात गैर काही नाही, आणि नुसत्या आवाजासाठी पैसे मोजणारा ग्राहक निदान स्वतःशी प्रामाणिक असतो. दुसरा पुरावा ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्राच्या आलेखाचा दिला जातो. डायनोवर गाडी उभी असते, बॉनेट उघडे असते आणि समोर मोठा पंखा. उघड्या कोन फिल्टरसाठी याहून सोयीची परिस्थिती नाही. बंद बॉनेटखाली सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या वाट्याला ती कधीच येत नाही.

बॉनेट बंद झाले की उष्णतेचा प्रश्न येतो, आणि टर्बो गाडीत तो अडथळ्याच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. बाहेर ३५ अंश असताना इंजिनाशेजारची हवा रेंगाळत्या वाहतुकीत ६० अंशांवर सहज जाते. वरचाच हिशेब पुढे नेला, तर ३५ अंशांची हवा कॉम्प्रेसरमधून १३७ अंशांना बाहेर पडेल आणि ६० अंशांची १७१ ला. इंटरकूलरनंतर या दोन्हींत १० अंशांचा फरक उरतो. म्हणजे मोकळ्या नळीने १ अंश वाचवला आणि उघड्या फिल्टरने १० घालवले. हवा तापली की पेट्रोल इंजिनात नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी पेटण्याचा, धोका वाढतो, ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद उतरते. गाडी वेगात असताना बॉनेटखालची हवा बदलत राहते, पत्र्याची उष्णतारोधक भिंत लावता येते, असे यावर सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त ती भिंत चारी बाजूंनी नीट बंद करून तिला बाहेरच्या हवेची वाट जोडली की जी वस्तू तयार होते ती कंपनीच्या डबीसारखीच दिसते. इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या बॉनेटवरचा तो प्रसिद्ध उघडा जबडा इंजिनाला हवा देतो असे अनेकांना वाटते. तो देतो इंटरकूलरला, जो इंजिनाच्या डोक्यावर आडवा बसवलेला आहे. फिल्टरची वाट वेगळी आहे.

याच सुबारूच्या निमित्ताने मोजमापाचा मुद्दा पाहता येतो. तिच्यात फिल्टरच्या डबीनंतर लगेच हवामापक सेन्सर आहे. सेन्सरमधला तापवलेला बारीक घटक वाहत्या हवेने किती थंड होतो यावरून ईसीयू हवेचे वजन काढतो. पण त्यासाठी नळीचा व्यास त्याला आधीच सांगून ठेवलेला असतो. ७० मिलिमीटरच्या जागी ७६ची नळी बसवली की आडवा छेद १८ टक्क्यांनी वाढतो, तितकीच हवा १५ टक्के कमी वेगाने जाते आणि सेन्सर तेवढी कमी मोजतो. मग पेट्रोल कमी पडते. ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ईसीयू चूक सावरू पाहतो. ती आवाक्याबाहेर गेली की डॅशबोर्डवर दिवा आणि स्कॅनरवर ‘पी ०१७१’, म्हणजे मिश्रण पातळ. याहून फसवी गोष्ट अशी की हवा कमी मोजली गेल्याने इंजिनावर भार कमी आहे असे ईसीयू समजतो आणि ठिणगी लवकर टाकतो. गाडी खरोखरच तरतरीत वाटते. मात्र ती तरतरी मोकळ्या हवेतून आलेली नसते, नॉकिंगपासून राखलेले अंतर खर्चून मिळालेली असते. सुती फिल्टरला धुतल्यावर तेल जास्त लावले तर ते उडून याच सेन्सरवर बसू शकते. ज्या गाड्यांत हवा मॅनिफोल्डमधल्या दाबावरून काढली जाते तिथे व्यासाची ही अडचण येत नाही, आणि अशा गाड्यांबाबत बाहेरच्या इनटेकवरचा हा आरोप मागे घ्यायला हवा.

सर्वांत वजनदार आक्षेप शर्यतीच्या मैदानातून येतो : इनटेकने काही होत नसेल, तर शर्यतवाले त्यावर एवढा जीव का टाकतात? याचे उत्तर १९९५च्या जागतिक रॅली मालिकेत आहे. त्या वर्षी एफआयएने टर्बोच्या तोंडाशी लावायच्या रिस्ट्रिक्टरचा व्यास ३८ मिलिमीटरवरून ३४वर आणला, कारण गाड्यांची ताकद तीनशे अश्वशक्तीच्या आसपास रोखण्याचा तो सर्वांत सोपा उपाय होता. एवढ्याशा भोकात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की पलीकडे कितीही ओढ लावा, जास्त हवा येत नाही. कॅटालुन्या रॅलीत टोयोटाच्या सेलिका जीटी-फोरमध्ये तपासनिसांना जे सापडले ते याचाच पुरावा होता. नळीची क्लिप विशिष्ट हत्याराने आवळली की आतला रिस्ट्रिक्टर टर्बोपासून सुमारे ५ मिलिमीटर सरकायचा आणि त्या फटीतून जादा हवा आत शिरायची. क्लिप सैल करून तपासायला घेतले की स्प्रिंगमुळे फट मिटून सगळे नियमात. संघाचे गुण गेले आणि एक वर्षाची बंदी आली. सगळी कोंडी जेव्हा इनटेकमध्येच असते, तेव्हा ५ मिलिमीटर फटीसाठी अख्खी कारकीर्द पणाला लावली जाते. घरच्या गाडीत कोंडी तिथे नसते. ती असते ईसीयूच्या हुकुमात, टर्बोच्या आकारात, इंटरकूलरमध्ये, गिअरबॉक्सच्या सहनशक्तीत.

म्हणूनच हुकूम बदलला की निकालही बदलतो. रीमॅप करून १५० अश्वशक्तीचे इंजिन २२५ला नेले, तर हवा दीडपट लागते आणि वर्गाच्या नियमाने इनटेकमधला खर्च सव्वादोनपट होतो. ४ किलोपास्कलचे ९ होतात. टर्बो आधीच क्षमतेच्या काठावर असताना हे ९ किलोपास्कल जड जातात. तिथे मोठी बंद डबी, रुंद नळी आणि विशेषतः कॉम्प्रेसरच्या तोंडाजवळचा आकसलेला कोपरा मोकळा करणे हा योग्य खर्च आहे, अर्थात नव्या मोजमापासह. उंचीवरही थोडे असेच घडते. लेहला, सुमारे ३,५०० मीटरवर, वातावरणाचा दाब ६५ किलोपास्कलच्या आसपास असतो. तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला कितीतरी जास्त फिरावे लागते, ईसीयू त्याला जपण्यासाठी हात आखडता घेतो, आणि मग वाचलेल्या प्रत्येक किलोपास्कलला किंमत येते.

धुळीचा विचार या वादात बहुधा शेवटी होतो, तो आपल्याकडे आधी व्हायला हवा. फिल्टरची तपासणी आयएसओ ५०११ या मानकाने होते आणि तीत तीन गोष्टी मोजतात : अडथळा, धूळ अडवण्याची टक्केवारी आणि किती धूळ पोटात मावते. जाहिरातीत पहिलीच दिसते. समजा, एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९८.५. फरक एका टक्क्याचा वाटतो, पण आत जाणारी धूळ तिप्पट झालेली असते. मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांची धार या धुळीने झिजते, नंतर पिस्टन रिंगा आणि सिलिंडरची भिंत. ऑइलच्या तपासणीत सिलिकॉनचा आकडा चढू लागला की धूळ आत गेल्याचे कळते. कागदी फिल्टरवर सुरुवातीचा धुळीचा पातळ थर बसला की तो उलट अधिक बारीक गाळतो. म्हणून गॅरेजमध्ये दर खेपेला फिल्टर काढून नळीने जोरात हवा मारण्याची सवय दुहेरी तोट्याची आहे : उपयोगी थर उडतो आणि घडीच्या टोकाला कागद फाटतो.

पाण्याचे गणित त्याहून निष्ठुर आहे. दीड लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात, कम्प्रेशन १०.५ला १ धरले, तर पिस्टन वर आल्यावर डोक्यावर उरणारी जागा सुमारे ३९ मिलिलिटर असते, कटिंग चहाच्या ग्लासातही याहून जास्त मावते. तेवढे पाणी सिलिंडरमध्ये शिरले की ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीच्या इनटेकचे तोंड रेडिएटरच्या वरच्या कडेपाशी ठेवलेले असते ते बऱ्याच अंशी याचसाठी. ‘कोल्ड एअर’ रचना गार हवेच्या शोधात फिल्टर बंपरमागे, चाकाच्या पातळीला उतरवते. तिथे हवा खरोखरच गार मिळते, आणि जुलैत मुंबईच्या हिंदमाता किंवा मिलन सबवेत पाणी साचले की पहिल्यांदा बुडतो तो हाच फिल्टर. साध्या मोटार विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचे वेगळे कलम घ्यावे लागते, आणि दाव्याच्या वेळी सर्व्हेअर बॉनेट उघडून मूळ डबी जागेवर आहे का तेही पाहू शकतो.