ठिपका, स्लाइड आणि दोन स्क्रू

शस्त्रांच्या इतिहासात १९०० हे साल दोन शहरांत दोनदा नोंदवावे लागते. त्या वर्षी डब्लिनमध्ये दुर्बिणी घडवणाऱ्या सर हॉवर्ड ग्रब यांनी बंदुकीचा नेम धरण्याच्या एका नव्या उपकरणाचे पेटंट घेतले. त्याच सुमारास बेल्जियममध्ये, लिएज शहरालगतच्या हर्स्टाल येथील फाब्रिक नास्योनाल या कारखान्यातून जॉन ब्राउनिंग यांनी आखलेले एक चपटे, खिशात मावणारे पिस्तूल बाहेर पडू लागले होते. ग्रब यांच्या कल्पनेतून पुढे ‘रेड डॉट’, म्हणजे काचेत तरंगणारा लाल ठिपका जन्माला आला. ब्राउनिंग यांच्या पिस्तुलामुळे आज जवळजवळ प्रत्येक पिस्तुलावर दिसणारी, मागेपुढे सरकणारी पोलादी स्लाइड रूढ झाली. पण तो ठिपका या स्लाइडवर, आणि तोही लहानशा पिस्तुलाच्या स्लाइडवर, सर्रास दिसू लागला तो २०१० नंतर.

एवढा काळ का लागला? ‘तंत्रज्ञान तेवढे प्रगत नव्हते’ हे उत्तर खोटे नाही, पण आळशी आहे. कोणते तंत्रज्ञान, हे विचारले की खरी गंमत सुरू होते. प्रकाशशास्त्राचा भाग १९०० सालीच सुटला होता. शतक खर्ची पडले ते दिवा, बॅटरी आणि स्क्रू यांच्यापायी.

आधी मूळ अडचण पाहू. साध्या बंदुकीवर मागे एक खाच असते आणि पुढे नळीच्या टोकाशी एक बारीक उंचवटा. त्याला आपल्याकडे ‘माशी’ म्हणतात. नेमबाजाने खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणायची. परंतु डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. माशी रेखीव दिसली की लक्ष्य धूसर होते, लक्ष्य रेखीव दिसले की माशी विरघळते. चाळिशी उलटलेल्या माणसाची अवस्था आणखी बिकट. हा दोष बंदुकीचा नाही, डोळ्याच्या रचनेचा आहे, म्हणून बंदूक सुधारून तो जात नव्हता.

ग्रब यांना त्याचे उत्तर सुचणे स्वाभाविक होते, कारण त्यांचे आयुष्य वेधशाळांसाठी यंत्रे घडवण्यात गेले होते. मेलबर्नची प्रसिद्ध महादुर्बीण त्यांचे वडील थॉमस ग्रब यांच्या कारखान्यातली. व्हिएन्नाची आणि ग्रीनिचची मोठी भिंगदुर्बीण हॉवर्ड यांची. आणि ही दुर्बिणींची यादी थेट पुण्यापर्यंत येते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, १८८८ साली जी वेधशाळा उभारली, तिची २० इंची परावर्ती दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्याची होती. त्या काळी भारतातली ती सर्वांत मोठी दुर्बीण. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. पुण्यात तारे दाखवणाऱ्या आणि पुढे रणांगणात नेम धरायला शिकवणाऱ्या प्रकाशशास्त्राचे घराणे एकच, हे कळल्यावर मी काही काळ अस्वस्थ होतो. पण एकोणिसाव्या शतकात हे अपवादात्मक नव्हते. मृगातल्या तेजोमेघाच्या छायाचित्रासाठी गौरवले गेलेले ॲन्ड्र्यू कॉमनही आयुष्याच्या अखेरीस तोफा-बंदुकांच्या दुर्बिणी आखत होते.

वेधशाळेत यंत्राची दिशा तपासण्यासाठी ‘कॉलिमेटर’ नावाचे साधन वापरतात. भिंगाच्या नाभीपाशी एखादी खूण ठेवली की तिच्यापासून निघालेले किरण भिंगातून समांतर बाहेर पडतात, आणि पाहणाऱ्याला ती खूण हातभर अंतरावर न भासता अनंत अंतरावर, ताऱ्यासारखी, भासते. ग्रब यांनी हेच तत्त्व उचलले. खुणेचे हे समांतर किरण एका तिरप्या पारदर्शक काचेवरून डोळ्याकडे परावर्तित केले, आणि त्याच काचेतून लक्ष्यही दिसू दिले. आता खूण आणि लक्ष्य दोन्ही दूरच, त्यामुळे डोळ्याला एकच अंतर सांभाळायचे. शिवाय डोके थोडे इकडेतिकडे झाले तरी खूण लक्ष्यावरून हलत नाही, कारण समांतर किरणांना डोळ्याच्या नेमक्या जागेची पर्वा नसते. आपले म्हणणे समजावताना ग्रब यांनी एक कल्पनाचित्र मांडले होते: बंदुकीतून शोधदिव्यासारखा प्रकाशझोत सोडता आला, तर तो जिथे पडेल तिथेच गोळी लागेल. ते व्यवहारात अशक्य. आपले उपकरण मात्र झोत न सोडता केवळ भासमान प्रतिमेने तोच परिणाम साधते, असे त्यांचे सांगणे होते. आजही लाल ठिपका म्हणजे लेझर, असा अनेकांचा समज असतो. लेझरचा ठिपका खरोखर लक्ष्यावर पडतो. रेड डॉटचा ठिपका लक्ष्यावर नसतोच; तो फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी असतो.

आता हर्स्टालकडे वळू. गोळी सुटल्यावर मागे येणाऱ्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकते, स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना नवे काडतूस नळीत सारते. मॉडेल १९०० हे अशी स्लाइड असलेले आणि मोठ्या संख्येने विकले गेलेले पहिले पिस्तूल मानले जाते. ‘ब्राउनिंग’ हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले गुप्तपणे पाठवली, असे नाशिक कटाच्या खटल्यात मांडले गेले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंगमधूनच. तो प्रसंग आठवताना मला नेहमी एक अगदी तांत्रिक प्रश्न पडतो: त्या क्षणी माशी कोणी पाहिली असेल? इतक्या जवळून नेम धरावाच लागत नाही. खिशातली पिस्तुले याच गृहीतावर घडवली जात. त्यांची खाच-माशी नखाच्या कडेएवढी, कपड्यात अडकू नये म्हणून घासून गुळगुळीत केलेली. ज्या शस्त्राने नेम धरणे अपेक्षितच नाही, त्यावर भिंग बसवण्याचा विचार कोण करणार? शंभर वर्षांच्या दिरंगाईचे एक कारण तंत्रात नसून या गृहीतात आहे, असे मला वाटते.

ग्रब यांची कल्पना आधी आकाशात गेली. १९१८ मध्ये जर्मन लढाऊ विमानांवर बर्लिनच्या ऑइगी कंपनीचे परावर्ती दर्शक चाचणीसाठी बसवले गेले. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेनच्या वैमानिकासमोर ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीचा दर्शक असे. काचेवर प्रकाशाचे वर्तुळ आणि मध्यभागी ठिपका. शत्रूच्या विमानाच्या पंखांची रुंदी आणि अंतर तबकडीवर लावून ठेवायचे. पंख त्या चौकटीत अचूक भरले की मारा करायचा. विमानात हे साधले, कारण तिथे दिव्याला वीज पुरवणारे इंजिन होते आणि ठोकळ्याएवढे उपकरण घट्ट बसवायला जागाही होती. हातातल्या बंदुकीपाशी यांतले काहीच नव्हते.

म्हणून जमिनीवर पहिली धडपड झाली ती विजेशिवाय. अमेरिकेत युद्धानंतर छऱ्याच्या बंदुकीसाठी ‘नायडार’ नावाचा दर्शक आला; तो आकाशाचाच उजेड गोळा करून खूण उजळवी. संध्याकाळ झाली की खूण मावळे. मग ‘सिंगलपॉइंट’ आला. त्याची नळी पुढून चक्क बंद! एका डोळ्याला नळीतला ठिपका दिसतो, दुसऱ्या उघड्या डोळ्याला लक्ष्य, आणि दोन्ही चित्रे मेंदूच एकत्र करतो. २१ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय येथील युद्धकैद्यांच्या छावणीवर छापा घालणाऱ्या अमेरिकी तुकडीने रात्रीच्या अंधारासाठी हेच दर्शक आपल्या रायफलींवर लावले होते. छावणीत एकही कैदी सापडला नाही, त्यांना आधीच हलवले होते. पण शस्त्रांच्या इतिहासात मात्र हा छापा टिकून राहिला.

दिव्याचे कोडे सोडवले ते बंदुकीशी काही संबंध नसलेल्या माणसाने. १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोनियाक यांनी डोळ्याला दिसेल असा प्रकाश देणारा व्यवहार्य एलईडी बनवला. त्याचा प्रकाश लाल होता. रेड डॉट ‘रेड’ का, याचे अर्धे उत्तर इथे आहे: हाताशी आलेला पहिला एलईडीच लाल होता. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने जॉन एकस्ट्रान्ड यांच्या रचनेवर आधारलेला पहिला इलेक्ट्रॉनिक दर्शक बाजारात आणला. त्यात ग्रब यांच्या दोन गोष्टी, भिंग आणि तिरपी काच, एकाच वक्र काचेत सामावल्या. या काचेवरचा लेप एलईडीचा लाल प्रकाश डोळ्याकडे परततो आणि बाकीचा प्रकाश आरपार जाऊ देतो. गिऱ्हाईक कोण, तर जंगलातले शिकारी. १९९७ मध्ये अमेरिकी लष्कराने याच कंपनीचा दर्शक रायफलींसाठी ‘एम ६८’ या नावाने स्वीकारला.

पिस्तुलाची पाळी आली ती स्पर्धांतून. १९९० च्या जागतिक प्रात्यक्षिक नेमबाजी स्पर्धेत अॅडलेड येथे डग कोनिग रेड डॉट लावलेल्या पिस्तुलाने जिंकले, आणि काही हंगामांतच त्या वर्गातल्या पिस्तुलांवर नळ्या दिसू लागल्या. पण त्या स्लाइडवर नव्हत्या. पिस्तुलाच्या न हलणाऱ्या सांगाड्याला बाजूने एक धातूची पट्टी जोडायची, ती वळवून स्लाइडच्या वर आणायची आणि तिच्यावर दर्शक ठेवायचा. स्लाइड खालून निवांत मागेपुढे धावते, दर्शक स्थिर. उत्तम तोडगा, फक्त असे पिस्तूल कमरेच्या साध्या म्यानात मावत नाही, खिशाची तर बातच नको.

स्लाइडवरच ठिपका बसवायचा म्हणजे ज्या वस्तूला सर्वाधिक आदळआपट सोसावी लागते, तिच्याच पाठीवर काच, सूक्ष्म परिपथ आणि बॅटरी बसवायची. प्रत्येक गोळीमागे दोन आघात: एक स्लाइड मागे आपटते तेव्हा, दुसरा पुढे येऊन थांबते तेव्हा. वजनदार दर्शक चालत नाही, कारण तो स्लाइडची गतीच बिघडवतो. जर्मनीतल्या डॉक्टर कंपनीने नळी काढून टाकून केवळ एक उघडी काच आणि तळाशी एलईडी ठेवला, तेव्हा वजनाचा प्रश्न सुटला आणि इतर प्रश्न उघडे पडले. धक्क्याने बॅटरीचा स्पर्श क्षणभर सुटे आणि ठिपका लुकलुके. काही दर्शकांची बॅटरी तळाशी, म्हणजे ती बदलायला दर्शकच उतरवायचा आणि नेम पुन्हा जुळवायचा. सर्वांत बिचारे ते दोन बारीक स्क्रू. सारा धक्का त्यांच्यावर आला तर ते सैल होतात किंवा तुटतात. म्हणून स्लाइडमध्ये दर्शकाच्या मापाचा खोलगट कप्पा कोरायचा, त्यात उंचवटे ठेवायचे, ते दर्शकाच्या तळातल्या खळग्यांत बसवायचे आणि धक्का त्यांना सोसू द्यायचा. स्क्रूंनी फक्त दर्शक खाली दाबून धरायचा. हे काम आधी कंपन्यांनी केले नाही. ते केले सुट्या कारागिरांनी, ग्राहकाची स्लाइड मिलिंग यंत्रावर चढवून. ग्रब यांच्या नावाचे चरित्रलेख आहेत. या कारागिरांच्या नावाचा एकही नाही. मला हा इतिहास त्यांचाही वाटतो.

कंपन्या जाग्या झाल्या तेव्हा नवा घोळ झाला. प्रत्येक दर्शकाच्या छिद्रांची मांडणी वेगळी. मनमाडला ब्रॉडगेज आणि मीटरगेज एकमेकांना भेटत आणि सारा माल एका गाडीतून दुसरीत उतरवावा लागे, त्यातलाच हा प्रकार. ग्लॉकने २०१५ मध्ये कारखान्यातच कप्पा कोरलेली पिस्तुले आणली, सोबत वेगवेगळ्या दर्शकांसाठी चार पट्ट्या दिल्या. पट्टी स्लाइडवर, दर्शक पट्टीवर: म्हणजे सैल होऊ शकणारे स्क्रू दुप्पट. सोय वाढली आणि जोडणी अशक्त झाली. २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारलेल्या ‘एम १७’ पिस्तुलाच्या स्लाइडवरही दर्शकासाठी जागा होती.

लहान पिस्तूल सर्वांत शेवटी आले, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे: रुंदी. प्रचलित दर्शक लहान पिस्तुलाच्या स्लाइडपेक्षा रुंद होते, दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत. इंग्लंडच्या शील्ड कंपनीने अरुंद दर्शक काढला, आणि २०१९ मध्ये सिग साउअरचे ‘पी ३६५ एक्सएल’ तशा दर्शकासाठी कप्पा घेऊनच बाजारात आले. हर्स्टालचे खिशातले पिस्तूल आणि डब्लिनची अनंतावरची खूण अशी एकाच मुठीत आली.

तरीही माशी गेलेली नाही. ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत आजही उघड्या खाच-माशीखेरीज काहीही चालत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते तिच्याच भरवशावर. आणि ठिपका लावलेल्या पिस्तुलांवरही अनेकदा मुद्दाम उंच केलेली खाच-माशी ठेवतात, काचेच्या तळाच्या कडेवरून जेमतेम दिसेल अशी, बॅटरी संपली तर उपयोगी पडावी म्हणून.