भोर व वेल्हे तालुक्यांतील जमीन व घरबाजाराची माहितीसाधने

भोर आणि वेल्हे (राजगड) हे पुणे जिल्ह्याच्या दक्षिण व नैर्ऋत्य भागातील सह्याद्रीलगतचे तालुके आहेत. तेथील जमिनी व घरांचे दर, खरेदी-विक्री, मालकी आणि वापर यांचा अभ्यास प्रामुख्याने शासकीय अभिलेखांवरून केला जातो. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा २००७ साली सुरू झालेला 'रेसिडेक्स' हा घरांच्या किमतींचा निर्देशांक शहरांपुरता असल्याने ग्रामीण तालुक्यांचे चित्र त्यात उमटत नाही. त्यामुळे दस्तनोंदणी, महसूल, ग्रामपंचायत, जनगणना आणि नियोजन या पाच प्रकारच्या नोंदी एकत्र वाचाव्या लागतात. यांपैकी एकही नोंद बाजारभाव टिपण्याच्या हेतूने ठेवलेली नाही. मुद्रांक शुल्क, जमीन महसूल किंवा घरपट्टी यांच्या वसुलीसाठी त्या निर्माण झाल्या असून, त्यांचा अर्थ लावताना हा मूळ हेतू लक्षात घेणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिव घराण्याचे संस्थान होते. भोर शहरात नगरपरिषद आहे, तर वेल्हे तालुका पूर्णतः ग्रामीण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या १,८६,११६, तर वेल्हे तालुक्याची ५४,५१६ होती. वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याच्या प्रस्तावास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. जुन्या नोंदी 'वेल्हे' या नावाखालीच असल्याने शोध घेताना दोन्ही नावे वापरावी लागतात.

दोन्ही तालुक्यांतील जमिनीच्या मागणीला वेगवेगळी कारणे आहेत. भोरच्या पूर्व भागातून पुणे–बंगळूर महामार्ग जातो. नसरापूर, कापूरहोळ व किकवी ही गावे त्याच्या परिसरात आहेत. पश्चिमेकडे भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी व पानशेत या धरणांचे जलाशय, तसेच राजगड, तोरणा व रोहिडा हे किल्ले आहेत. त्यामुळे एका तालुक्याचा 'सरासरी दर' काढणे फारसे उपयोगाचे नसते. गाव, आणि शक्य असल्यास गट क्रमांक, हेच अभ्यासाचे एकक मानावे लागते.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या नोंदी

नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक यांचे कार्यालय दरवर्षी वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते प्रसिद्ध करते. हेच तक्ते 'रेडी रेकनर' या नावाने ओळखले जातात. ग्रामीण भागात शेतजमिनीचे दर प्रति हेक्टर, आकारणीच्या गटांनुसार दिलेले असतात. महामार्गालगतच्या व बिगरशेती जमिनींचे दर स्वतंत्र असतात. पूर्वी हे तक्ते १ जानेवारीपासून लागू होत. २०१६ पासून ते १ एप्रिलपासून लागू होऊ लागले. २०२० मध्ये मात्र नवे दर सप्टेंबरमध्ये आले. २०२३-२४ व २०२४-२५ या वर्षांत दर बदलले नाहीत. या काळात तक्त्यातील दर स्थिर असले तरी बाजार स्थिर होता, असा निष्कर्ष काढता येत नाही.

प्रत्यक्ष व्यवहारांची माहिती 'सूची क्रमांक २' मधून मिळते. दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारमूल्य, मिळकतीचे वर्णन, क्षेत्रफळ, दस्त केल्याचा व नोंदणीचा दिनांक, तसेच भरलेले शुल्क हे तपशील तिच्यात असतात. विभागाच्या संकेतस्थळावर गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक देऊन तिचा शोध घेता येतो. म्हणून गट क्रमांक आधी माहीत असणे सोयीचे ठरते.

सूचीतील 'मोबदला' आणि 'बाजारमूल्य' हे रकाने भिन्न आहेत. पहिला पक्षकारांनी सांगितलेली रक्कम दाखवतो, तर दुसरा दर तक्त्यावरून काढलेली. मुद्रांक शुल्क दोहोंपैकी अधिक रकमेवर आकारले जाते. एखाद्या गावातील बहुतेक खरेदीखतांत मोबदला बाजारमूल्याच्या अगदी जवळपास असेल, तर ती रक्कम तक्ता पाहून लिहिलेली असण्याची शक्यता तपासावी लागते. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र व वाटणीपत्र हे दस्त दरांच्या अभ्यासातून वगळले जातात.

व्यवहारांच्या संख्येवर सवलतींचाही परिणाम होतो. राज्य शासनाने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात ३ टक्के आणि जानेवारी ते मार्च २०२१ या काळात २ टक्के कपात केली होती. त्या महिन्यांतील दस्तसंख्येची इतर महिन्यांशी थेट तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते.

महसुली अभिलेख

सातबारा उतारा हा गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) आणि गाव नमुना १२ (पिकांची नोंदवही) यांचा मिळून बनतो. नमुना ६ मध्ये फेरफार, तर ८अ मध्ये खातेदाराची एकूण धारणा नोंदलेली असते. 'महाभूलेख' संकेतस्थळावर सातबारा व ८अ पाहता येतात. बाजाराच्या दृष्टीने फेरफार क्रमांक, भूधारणा पद्धती आणि 'इतर अधिकार' हा रकाना महत्त्वाचा असतो. भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध असतात. धरणप्रकल्पांच्या परिसरात पुनर्वसनासंबंधीचे शेरेही आढळतात. अशा जमिनीचा दर शेजारच्या निर्बंधमुक्त जमिनीच्या दराशी जोडणे चुकीचे ठरते.

महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांच्या विक्रीवर मर्यादा घातली आहे. परिणामी काही व्यवहार सामाईक हिश्श्याने होतात, तर काही नोंदणीपर्यंत पोहोचतच नाहीत. एका सातबाऱ्यावर परस्परांशी नाते नसलेली अनेक नावे असणे हे अशा सामाईक खरेदीचे लक्षण असू शकते.

एककांची गल्लत हे चुकीचे एक नेहमीचे कारण आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असते, तर बोलीव्यवहार गुंठ्यांत होतो. १ आर म्हणजे १०० चौ. मी., तर १ गुंठा म्हणजे १,०८९ चौ. फूट (सुमारे १०१.१७ चौ. मी.), ४० गुंठ्यांचा एक एकर होतो.

गावठाण आणि घरे

गावठाणातील घरांना सामान्यतः सातबारा नसतो. त्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, मिळते. तिच्यात मालक, भोगवटादार, बांधकामाचा प्रकार व क्षेत्र यांचे तपशील असतात. मात्र ही नोंद मालकी हक्काचा निर्णायक पुरावा मानली जात नाही. गावठाणांचे ड्रोनद्वारे भूमापन करून मिळकत पत्रिका देण्याचा प्रायोगिक उपक्रम पुणे जिल्ह्यातीलच पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे राबवला गेला. एप्रिल २०२० मध्ये केंद्र शासनाने 'स्वामित्व' योजना सुरू केली. भोर शहरातील घरांसाठी नगरपरिषदेच्या कर आकारणीच्या नोंदी उपयोगी पडतात.

जनगणनेच्या घरयादीत घरांचा वापर, बांधकाम साहित्य, खोल्यांची संख्या, मालकीचे की भाड्याचे, तसेच रिकामी घरे यांची आकडेवारी असते. या भागातील अनेक कुटुंबे नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईत राहत असल्याने बंद घर म्हणजे विक्रीस उपलब्ध घर, असे समीकरण मांडता येत नाही. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्याने दशवार्षिक तुलनेसाठी २०११ चेच आकडे दीर्घकाळ वापरात राहिले.

नियोजन व प्रकल्पविषयक नोंदी

३१ मार्च २०१५ रोजी स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात दोन्ही तालुक्यांचा काही भाग येतो. प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रारूप विकास योजना पुढे राज्य शासनाने रद्द केली. त्यामुळे तिच्या नकाशांवर आधारलेले जमीनवापराचे दावे तपासून घ्यावे लागतात. पश्चिम घाट पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप अधिसूचनांतील गावांची यादी हेही एक आवश्यक साधन आहे.

मे २०१७ पासून कार्यरत असलेल्या महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत गृह व भूखंड प्रकल्पांची माहिती मिळते. ५०० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडावरील किंवा ८ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नसल्याने लहान बांधकामे त्यात सापडत नाहीत.

भूसंपादन आणि नोंदलेली किंमत

नोंदलेल्या किमतींचे महत्त्व केवळ अभ्यासापुरते नाही. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यातील कलम २६ नुसार मुद्रांक अधिनियमाखालील मूल्य आणि परिसरातील तत्सम जमिनींचा सरासरी विक्रीदर यांची तुलना करून अधिक असलेली रक्कम विचारात घेतली जाते. सरासरीसाठी लगतच्या तीन वर्षांतील खरेदीखतांपैकी सर्वाधिक दराची निम्मी खते धरली जातात. अशी २० खते असल्यास १० खतांची सरासरी काढली जाते. जी खते वास्तविक बाजारमूल्य दर्शवत नाहीत असे जिल्हाधिकाऱ्यांचे मत होते, ती वगळता येतात. पुणे वर्तुळाकार मार्गाचा पश्चिम भाग मावळातील उर्से येथून भोरमधील वरवे बुद्रुकपर्यंत आखलेला आहे. अशा प्रकल्पाच्या पट्ट्यात शुल्क वाचवण्यासाठी कमी दाखवलेला मोबदला विक्रेत्यापुरता मर्यादित राहत नाही. त्याच गावातील ज्या शेतकऱ्याने जमीन विकलेलीच नाही, त्याच्या भरपाईचा पायाही त्यामुळे खाली येऊ शकतो.

पडताळणी व मर्यादा

एकाच गट क्रमांकासाठी सातबारा, फेरफार, सूची क्रमांक २ आणि त्या वर्षाचा दर तक्ता यांची सांगड घातल्यास व्यवहाराचे बऱ्यापैकी विश्वसनीय चित्र मिळते. संकेतस्थळावर नसलेले अभिलेख माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येतात. दलाल व जाहिराती सांगतात तो दर हा मागणीचा दर असतो. तो झालेल्या व्यवहाराचा दर म्हणून वापरता येत नाही. सूचीत पक्षकारांची नावे असल्याने अभ्यास प्रसिद्ध करताना ती वगळून केवळ गाव, क्षेत्र, वर्ष व रक्कम देणे उचित मानले जाते.