जुन्या सायकलचा क्रँक काढताना...

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात आजही अनेक वाड्यांच्या बोळांत आणि सोसायट्यांच्या जिन्याखाली वडिलांची किंवा आजोबांची काळी सायकल उभी असलेली दिसते. चाकांत हवा भरली, साखळीला तेल घातले, तरी पायडल मारताना दर फेरीला ‘कट्’ असा आवाज येतो आणि पायाखाली काहीतरी सरकल्यासारखे वाटते. ‘जाम झालंय, भंगारात द्या,’ असा सल्ला मिळतो आणि सायकल भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. प्रत्यक्षात अशा वेळी दोष बहुधा बोटाएवढ्या एका पोलादी खिळीत असतो. ती खिळी म्हणजे कॉटर पिन. ती कशी काढावी, हे ठाऊक असेल तर सायकल वाचते.

कॉटर म्हणजे काय?

फ्रेमच्या तळाशी असलेल्या आडव्या नळीतून एक्सल जातो. त्याच्या दोन्ही टोकांना क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, बसवलेले असतात. उजव्या क्रँकला दातेरी चेनव्हील कायमचे जोडलेले असते. क्रँक आणि एक्सल यांना एकत्र धरून ठेवण्याचे काम कॉटर करते. तिची एक बाजू उतरत्या पाचरीसारखी सपाट असते, ती एक्सलवरील खाचेत घट्ट रुतते. दुसऱ्या टोकाला आटे असून त्यावर छोटा नट असतो. भारतातील काळ्या सायकलींनी ही रचना ब्रिटिश सायकलींकडून घेतली.

कॉटर एक्सलपेक्षा मऊ पोलादाची असते. झीज व्हायचीच असेल तर ती स्वस्त पिनेची व्हावी, महाग एक्सलची नव्हे, हा त्यामागचा हेतू. म्हणूनच या कामाचे सूत्र एकच : कॉटर गेली तरी चालेल, क्रँक आणि एक्सल शाबूत राहिले पाहिजेत.

आधी निदान

दोन्ही क्रँक हातात धरून एकमेकांविरुद्ध दाबून पाहावेत. एक क्रँक स्थिर राहून दुसरा हलला, तर कॉटर सैल आहे. दोन्ही क्रँक एक्सलसह डावी-उजवीकडे डुलत असतील, तर दोष आतील छर्‍यांचा किंवा वाट्यांचा आहे. सैल कॉटरवर सायकल चालवत राहिल्यास एक्सलची खाच झिजते आणि मग नवी कॉटरही टिकत नाही. चढावर उभे राहून जोर देताना क्रँक अचानक सरकला तर पडण्याचाही धोका असतो. त्यामुळे या आवाजाकडे दुर्लक्ष करू नये.

काढण्याची पद्धत

कामाच्या आदल्या दिवशी कॉटरच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे. साखळीवर पूर्ण झाकण असल्यास ते उतरवावे आणि साखळी चेनव्हीलवरून काढावी. कोणत्या कॉटरचा नट कोणत्या दिशेला आहे, हे लिहून ठेवावे किंवा छायाचित्र घ्यावे.

नट पूर्ण काढू नये. त्याचा माथा पिनेच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच सैल करावा, म्हणजे आटे चेपत नाहीत. क्रँक फिरवून नट वरच्या बाजूला आणावा आणि क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा तुकडा जमिनीवर उभा टेकवावा. नळीची उंची अशी असावी, की क्रँकचा भार तिच्यावर यावा आणि पिनेला खाली उतरायला नळीच्या पोकळीत जागा मिळावी. हा आधार नसेल तर हातोडीचा घाव छर्‍यांवर आणि वाट्यांवर बसून त्यांवर खड्डे पडतात. बहुतेक जुन्या सायकलींचे नुकसान इथेच होते.

डोळ्यांवर चष्मा लावून जड हातोडीचा एकच नेमका घाव द्यावा. हलक्या हाताने वीस वेळा ठोकल्यास पिनेचे टोक फुलते आणि ती अधिकच अडकते. ठोकायचे नसल्यास कॉटर दाबून काढणारे साधन किंवा भक्कम व्हाइस वापरणे उत्तम. तरीही पिन हलली नाही तर ती ड्रिलने पोखरून काढणे हा शेवटचा मार्ग. ते काम मात्र अनुभवी कारागिराकडेच सोपवावे.

पायडल काढायचे असल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे वळवला की दोन्ही बाजूंचे पायडल सैल होते.

आतील तपासणी व जोडणी

क्रँक निघाल्यावर डावीकडील कडी आणि वाटी उघडून छर्रे काढावेत. किती निघाले ते मोजून ठेवावे. पाव इंची छर्रे असल्यास प्रत्येक बाजूस सहसा अकरा असतात. वाटीत खड्डे दिसल्यास ती बदलावी, अन्यथा स्वच्छ करून ताजे ग्रीस भरावे. उजवी वाटी चांगली असल्यास तिला हात लावू नये. ब्रिटिश पद्धतीच्या फ्रेममध्ये तिचे आटे उलटे असतात आणि घाईत नेमके तेच खराब होतात.

नवी कॉटर घेताना जुनी सोबत न्यावी. ब्रिटिश मापाची पिन साडेनऊ मिलिमीटर जाडीची असते, काही सायकलींना नऊ मिलिमीटरची लागते. सपाट बाजू खाचेवर पूर्ण टेकत नसेल तर कानशीने हळूहळू जुळवावी. दोन्ही पिना परस्परविरुद्ध दिशांनी बसवाव्यात, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. पिन आधी ठोकून बसवावी, मग नट आवळावा. नटाच्या जोरावर पिन ओढून घेऊ नये, आटे जातात. थोडे अंतर चालवल्यावर पिन पुन्हा ठोकून नट आवळणे आवश्यक आहे.

बदल करायचा असेल तर

काळ्या सायकलीला बहुधा ४४ दात्यांचे चेनव्हील आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असते. पायडलच्या एका फेरीत ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे ठीक, पण कात्रजच्या चढावर गुडघे बोलू लागतात. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवल्यास हे अंतर साडेचार मीटरच्या आसपास येते आणि जोर सुमारे अठरा टक्क्यांनी कमी लागतो. चढासाठीच बदल हवा असेल तर क्रँकला हात न लावता भागणारा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. फक्त साखळीची लांबी आणि झाकणातील जागा तपासून घ्यावी.

कॉटर कायमची हद्दपार करायची असेल, तर चौकोनी टोकाचा एक्सल आणि बोल्टने बसणारे क्रँक लावता येतात. त्याआधी फ्रेमच्या नळीची रुंदी आणि आटे मोजावेत. नेहमीच्या ब्रिटिश मापात इंचाला २४ आटे असतात, तर जुन्या इंग्लिश रॅले सायकलींत २६ असतात आणि त्यांत बाजारातील सामान्य वाट्या बसत नाहीत. एक्सलची लांबी चुकली तर साखळी तिरकी धावते किंवा चेनव्हील फ्रेमला घासते. असे क्रँक काढताना खेचणीचे आटे पूर्ण बसवावेत. अर्धवट बसवून जोर लावल्यास ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. उतरवलेले मूळ भाग मात्र फेकू नयेत.

ॲटलस कंपनीच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, थांबले.  काळ्या सायकलीचे कॉटर, छर्रे आणि वाट्या मात्र सायकलच्या दुकानांत अजूनही किरकोळ किमतीत मिळतात. कमी होत चालले आहेत ते पिन नीट काढणारे हात. म्हणून भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा पिनेला तेल लावून एक रात्र वाट पाहावी. दुसऱ्या दिवशी नळीचा आधार आणि एक नेमका घाव पुरतो.